घरापर्यंत जाणाऱ्यांना शिकवतं कोण?

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनची इमारत १९१६ सालची. निजामाच्या रेल्वेचं हे मोठं ठाणं. इथून निघणारी मनमाडची वाट नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर असा सगळा मराठवाडा ओलांडून जाते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो मुलूख आणि हे शहर एकाच राज्यात होते. राज्यं वेगळी झाली, दवाखान्याची वाट मात्र तीच राहिली. नगरसोलच्या नाहीतर नरखेडच्या गाडीतून उतरणाऱ्यांत आजही एक्स-रेची पिशवी काखेत धरलेली माणसं असतात. कोणाला निम्स रुग्णालयात दाखवायचं असतं, कोणाला डोळ्यांसाठी बंजारा हिल्सला जायचं असतं, तर कोणी चार वर्षांचं न बोलणारं लेकरू कडेवर घेऊन बोवेनपल्लीच्या मनोविकासनगरातल्या संस्थेची वाट विचारत असतं. आणि स्टेशनच्या अवतीभवती, काचीगुड्यात, बरकतपुऱ्यात, सुलतान बाजारात, पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांतल्या बऱ्याच घरांत आता दोन म्हातारी माणसं उरली आहेत. मुलं पुण्याला किंवा अमेरिकेला, आणि आईला सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली एक बाई.

या दोन्ही प्रकारच्या लोकांना हैदराबादेत तज्ज्ञ सापडतो. त्याची फी परवडते की नाही ही गोष्ट वेगळी, पण तो आहे. सापडत नाही ते तज्ज्ञाकडून परत आल्यावर घरात लागणारं माणूस: लेकराचे हातपाय रोज नीट हलवून घेणारं, आकडी आली तर तोंडात चमचा न कोंबणारं, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची कूस वेळेवर बदलणारं. अशा माणसांना आपण किती शिकवतो, कसं शिकवतो आणि शिकवून झाल्यावर त्यांना विचारतो का, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे अभ्यासक्रमांना तोटा नाही. शिकलेल्याच्या पाठीशी पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात कोणी उभं नसतं, खरी खोट तिथे आहे.

हैदराबादला हा प्रश्न नवा नाही. १८४६ साली इथे मेडिकल स्कूल निघालं, ते उर्दूतून डॉक्टरकी शिकवणारं. पुढे उस्मानिया विद्यापीठानेही वैद्यकाचं शिक्षण उर्दूतूनच दिलं. पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषेत शिकवता येतं, हे या शहराने इतक्या लवकर करून दाखवलं. पण संस्थानातल्या बहुसंख्य रोग्यांची भाषा तेलुगू होती, मराठी होती, कानडी होती. शिकवण्याची भाषा डॉक्टरला सोपी झाली, रोग्याशी बोलण्याची भाषा ज्याची त्याने शोधावी, असंच राहिलं. हे अर्धवट राहिलेलं काम पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

ज्याने या विषयाचा नूरच पालटला तो प्रयोग झाला नगर जिल्ह्यात. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० साली जामखेडला आलं. सुरुवातीला त्यांनी रीतसर शिकलेल्या नर्सबाई खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्यांचं गावात बस्तान बसेना, गावालाही त्या परक्या वाटत. मग गावातलीच बाई निवडायची ठरलं. निवडलेल्या बायकांत कितीतरी निरक्षर होत्या, बऱ्याच दलित होत्या, काही परित्यक्ता. या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत. जातीची बंधनं घट्ट असलेल्या गावांतून आलेल्या बायकांसाठी तो मुक्काम हाच निम्मा अभ्यासक्रम होता. उरलेला निम्मा म्हणजे मागच्या आठवड्यात गावात काय घडलं ते सांगणं. कुणाचं मूल जुलाबाने गेलं, कुणाच्या बाळंतपणात काय अडलं, आपण काय केलं, काय करायला हवं होतं. पुस्तकातला धडा या चर्चेतून निघे. १९७१ साली या भागात हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत हा आकडा विसाच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. लोकांच्या लक्षात पुरस्कार राहिला आणि दर आठवड्याची बैठक विसरली गेली, हे मला फार लागतं. कारण सगळं बळ त्या बैठकीत होतं, आणि तीच वर्षानुवर्षं चालू राहिली.

गडचिरोलीला अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून आपल्या ‘सर्च’ या संस्थेत जे केलं त्यातली एक वस्तू नीट पाहण्याजोगी आहे. लहान मुलाला न्यूमोनिया झालाय की साधा खोकला, हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास किंवा जास्त, म्हणजे धोका. पण ज्या सुइणींनी हे मोजायचं त्यांची गिनती दहाबाराच्या पुढे जात नव्हती. अशा वेळी कोणीही म्हणेल की आधी त्यांना आकडे शिकवा. बंगांनी उलटं केलं. त्यांनी एका फळीवर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ बसवलं आणि शेजारी मणी ओवले, शेवटचा लाल. दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं. बाईला जेवढं येतं तेवढ्यावर हत्यार बेतलं. प्रशिक्षण म्हणजे काय हे समजून घ्यायला मला या फळीइतकं चांगलं उदाहरण दुसरं माहीत नाही.

त्याच धर्तीवर पुढे ३९ गावांत आरोग्यदूत तयार झाल्या. बाळ जन्मल्यावर घरी जाणं, वजन करणं, ऊब देणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं हे काम गावातल्या बाईने केलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून साधारण २५ वर आलं, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या बाईच्या हातात इंजेक्शन देण्याला डॉक्टर मंडळींतून विरोध होता, तो गावात मोजलेल्या आकड्यांपुढे टिकला नाही. इथेही पर्यवेक्षक गावात जाई, वही तपासे, चुकलं तिथे पुन्हा शिकवी.

हैदराबादचं स्वतःचं उदाहरण डोळ्यांचं आहे. १९८७ साली सुरू झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ साली मुधोळला ग्रामीण केंद्र काढलं. मुधोळ आता तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे, पण धर्माबाद-भोकरला अगदी खेटून, आणि बाजारात मराठी सर्रास चालते. संस्थेची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक दृष्टिकेंद्र, पाच लाखांमागे शस्त्रक्रियेची सोय असलेलं केंद्र, त्यावर मोठं रुग्णालय. दृष्टिकेंद्रात बसतो तो डॉक्टर नसतो. शाळा शिकलेला स्थानिक मुलगा किंवा मुलगी वर्षभर शिकवून तयार केलेली असते. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू ओळखायचा, आपल्या आवाक्याबाहेरचं काय ते ओळखून पुढे पाठवायचं. पुढे पाठवलेल्या रोग्याचं काय झालं हे त्याला कळतं, कारण वरची पायरी त्याच संस्थेची आहे. ही साखळी नसती तर वर्षभराच्या त्या शिक्षणाचं चष्म्याच्या दुकानात रूपांतर झालं असतं.

जामखेड-गडचिरोलीसारख्या ठिकाणचं शहाणपण देशभर न्यायचं ठरलं आणि २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. हजार लोकवस्तीमागे एक बाई, गावातलीच सून. तिच्यासाठी पहिली पाच पुस्तकं, वर्षभरात मिळून २३ दिवसांचं प्रशिक्षण. मग सहावं-सातवं पुस्तक, चार टप्प्यांत २० दिवस. गडचिरोलीची नवजात बाळाची गृहभेट २०११ पासून आशाच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची जोड मिळाली. कागदावर ही देशातली सगळ्यांत मोठी शिकवणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली आशांचा गौरव केला तो योग्यच होता.

पण मोठं करताना काय सुटलं? जामखेडची बैठक सुटली. महाराष्ट्रात साधारण वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक असते. तिने खरं तर सोबत घरोघर जावं, वजनकाटा धरायची पद्धत पाहावी, चुकलं तर तिथल्या तिथे दाखवावं. प्रत्यक्षात तिचा जीव अहवाल गोळा करण्यात जातो. महिन्याची बैठक आकड्यांची होते: लसीकरण किती, नोंदणी किती, ॲप भरलं का. मागच्या महिन्यात तुझ्या गावात ते बाळ का गेलं, हा प्रश्न विचारायला वेळ उरत नाही. आशा बऱ्याच कामांसाठी कामागणिक पैसे घेते, म्हणजे ज्या कामाला दर नाही ते मागे पडतं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आणि पुन्हा २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसून राहिल्या, तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये महिन्याला पाच हजारांची वाढ पदरात पडली. पगाराची गोष्ट प्रशिक्षणाच्या लेखात कशाला, असं कोणाला वाटेल. शिकलेलं माणूस टिकलं नाही तर शिकवण्यावरचा खर्च पाण्यात जातो, म्हणून. शहरात तर आशाचं काम आणखी विरळ. हैदराबादेत २०१८ पासून बस्ती दवाखाने निघाले आहेत. डॉक्टर, नर्स आणि औषधं वस्तीजवळ आली ही मोठी सोय झाली. घराचा उंबरठा ओलांडणारं माणूस मात्र तिथूनही क्वचितच निघतं.

आता अपंगत्वाकडे येऊ. इथे चित्र आणखी विचित्र आहे, कारण इथे प्रशिक्षणाला कायद्याचं कुंपण आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव करणारे यांनी परिषदेकडे नोंदणी केलीच पाहिजे. नोंदणी नसताना काम केलं तर वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुंपण हवंच होतं. मतिमंद मुलांच्या नावाने कोणीही पाटी लावावी आणि आईबापांना लुबाडावं, हे चालू होतंच. पण कुंपणाच्या आत जे तयार झाले ते शहरात राहिले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांतले बहुतेक खेड्यांत. तालुक्याच्या पलीकडे नोंदणीकृत माणूस पोहोचत नाही आणि बिगरनोंदणी माणसाने हात लावायचा नाही, अशा कात्रीत ते घर सापडतं.

हैदराबादच्याच मनोविकासनगरात १९८४ साली राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था उभी राहिली. नाव आता बदललं आहे, पण जुनी माणसं एन.आय.एम.एच.च म्हणतात. देशभरातले विशेष शिक्षक घडवण्यात तिचा वाटा फार मोठा; नवी मुंबईत खारघरला तिचं प्रादेशिक केंद्रही आहे. मला तिथली सगळ्यांत मोलाची वाटते ती बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबांसाठीची राहण्याची सोय. आईबाप लेकराला घेऊन काही दिवस आवारातच राहतात आणि स्वतः शिकतात. शर्टाचं बटण लावायला शिकवायचं कसं? आई म्हणते, ‘लाव बाळा’, मूल गोंधळतं, आई स्वतःच लावून मोकळी होते. तिथे शिकवतात ते असं: बटण धरणं, काजाच्या तोंडाशी आणणं, अर्धं आत सरकवणं, पलीकडून चिमटीत पकडणं, ओढणं, अशा पायऱ्या पाडायच्या. पहिल्या सगळ्या आईने करायच्या आणि शेवटची, नुसती ओढायची, मुलाने करायची. म्हणजे बटण लागलं ते त्याच्या हातून. ती जमली की शेवटून दुसरी. या रीतीने मुलाला प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचं समाधान मिळतं. नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या आईने हे शिकून घेतलं तर तिच्या गावात त्या विषयातलं सगळ्यांत शिकलेलं माणूस तीच असते. पण ती गावी गेली की तिचा कोणाशी संबंध उरतो? महिन्याभराने मूल अडलं, चावायला लागलं, आकड्या वाढल्या, तर विचारायचं कोणाला? गावातल्या आशाने बटणाच्या पायऱ्या ऐकलेल्याही नसतात, आणि पुन्हा हैदराबाद म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवून गाडी धरायची.

खरं तर आशा आणि हे लेकरू यांची गाठ कितीतरी आधी पडलेली असते. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याच्या भेटीत माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हातात असतं. बाळ मान धरतं का, आवाजाकडे वळतं का, आधाराने बसतं का, सगळं त्यात छापलेलं आहे. त्यापुढची साखळीही सरकारने आखली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली: तपासणीची फिरती पथकं, आणि जिल्ह्याला एक लवकर उपचार केंद्र. तिथे बालरोगतज्ज्ञाबरोबर फिजिओथेरपिस्ट, वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक असावेत अशी रचना. अनेक ठिकाणी यांतल्या खुर्च्या रिकाम्या असतात. पण माझा मुद्दा त्याच्याही आधीचा आहे. बाळ सहा महिन्यांचं होऊनही मान धरत नाही हे दिसलं, तर आईशी बोलायचं कसं, हे आशाला कोणी शिकवलेलं नाही. ‘होईल हळूहळू, माझ्या दिराचंही असंच होतं’ असं म्हणून ती उठते. त्यात तिची माया असते. त्यात दोन वर्षं जातात, आणि मेंदूच्या वाढीत ती दोन वर्षं सगळ्यांत किमती असतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं ४७ वं कलम मात्र फारसं कोणी वाचत नाही. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांच्याबरोबर आशा आणि अंगणवाडी कार्यकर्तींच्या शिक्षणातही अपंगत्वाचा विषय घालावा, घरच्यांना काळजी घेण्याचं शिक्षण द्यावं आणि दर पाच वर्षांनी किती माणसं लागतील याचा गरजेनुसार हिशेब करून भरतीची आणि प्रशिक्षणाची योजना आखावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. १९ एप्रिल २०१७ पासून कायदा लागू आहे. म्हणजे असा पहिला हिशेब व्हायची मुदत २०२२ सालीच भरली.

या दिशेने उचललेलं एक पाऊल चांगलं आहे. पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाबरोबर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि १९ मे २०२१ ला तो १६ ठिकाणी, ५२७ विद्यार्थ्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. शिकून निघणाऱ्याला ‘दिव्यांग मित्र’ म्हणायचं. आशा आणि अंगणवाडीच्या जोडीने त्याने वस्तीत काम करावं ही कल्पना. ऑस्ट्रेलियात अशा कामगारांसाठी अभ्यासक्रम असतात आणि त्यांचं वेतन सरकारी योजनेतून निघतं. आपण अभ्यासक्रम घेतला, त्याच्या मागचं वेतन राहून गेलं. दिव्यांग मित्राला नेमणार कोण, त्याची वही तपासणार कोण, हे राज्यांनी ठरवायचं आहे. ठरलं नाही तर सहा महिने शिकलेली मुलगी मॉलमध्ये नोकरीला लागेल आणि तिला दोष देता येणार नाही. पदं निर्माण करता येतात याचा दाखला समोर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक. महाराष्ट्राने २०२४ साली ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर तालुकाभर फिरलेले शिक्षक त्यातून कायम होण्याच्या वाटेला लागले. न्यायालयात जावं लागलं, हे खरं. पण झालं.

राहिला काचीगुड्यातल्या म्हाताऱ्यांचा प्रश्न. त्यांना सांभाळणाऱ्यांच्या शिक्षणाला असा कायदा नाही, परिषद नाही. ब्युरोतून येणारी बाई बहुतेक तेलंगणाच्या एखाद्या जिल्ह्यातून आलेली असते, बारा तासांची पाळी करते, दवाखान्यात काही दिवस आयाचं काम केलं हेच तिचं शिक्षण. काही जणी कौशल्य विकास योजनेत ‘जनरल ड्युटी असिस्टंट’चा कोर्स करून येतात, त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक जाणवतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला चुणी राहू द्यायची नाही, माकडहाड आणि टाचा रोज बघायच्या, लालसर डाग दिसला की त्या अंगावर झोपवायचं नाही. पक्षाघात झालेल्याला आडवं ठेवून घास भरवायचा नाही, तो फुप्फुसात जातो. एवढ्या चार गोष्टींनी किती म्हातारी माणसं वाचतील! त्या शिकवायला एक आठवडा पुरे, आणि हातात बसायला वर्षभराची देखरेख हवी.

त्यातही एक अडचण कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. स्मृतिभ्रंश वाढत जातो तसतशी बऱ्याचदा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते आणि बालपणीची जास्त काळ टिकते. साठ वर्षं हैदराबादेत काढलेली, बाजारात अस्खलित तेलुगू आणि दखनी बोलणारी आजी एक दिवस फक्त मराठीत बोलायला लागते. तिला ‘परसाकडं’ जायचंय हे सांभाळणाऱ्या बाईला कळत नाही. आजी चिडते, ओरडते, बाई घाबरते, आणि संध्याकाळी मुलाला फोनवर सांगितलं जातं की आई फार त्रास देते. औषधाची मात्रा वाढते. वीस-पंचवीस मराठी शब्दांनी हे टळलं असतं: पाणी, दुखतंय, थंडी वाजते, लघवी, नको, झोपायचंय, माझी आई कुठंय. हे शब्द शिकवायला विद्यापीठ लागत नाही.

काचीगुडा-सुलतान बाजारच्या टापूत मराठी माणसांनी शाळा काढल्या, ग्रंथालयं काढली. विवेकवर्धिनी १९०७ पासून उभी आहे. निवृत्त शिक्षिका, नर्स, बँकेतली माणसं या गल्ल्यांत कितीतरी. सांभाळणाऱ्या बायकांसाठी आठवड्यातून एका दुपारी दोन तासांचा वर्ग त्यांना सहज चालवता येईल. एक फिजिओथेरपिस्ट, एक अनुभवी नर्स आणि मराठी-तेलुगू दोन्ही येणारी एखादी काकू. बाईने मागच्या आठवड्यातली अडचण सांगायची, तिच्यावरच शिकवायचं. त्या दोन तासांचे पैसे घरच्यांनी कापायचे नाहीत, उलट बदली माणूस म्हणून त्यांनी स्वतः बसायचं, म्हणजे आईची कूस कशी बदलतात हे त्यांनाही कळेल. लोकल गाडीने काचीगुड्याच्या पुढचंच स्टेशन मलकपेट. दिव्यांग कल्याणाचं राज्याचं कार्यालय तिथे आहे. या वर्गात वर्षभर आलेल्या बाईची नोंद तिथे घ्या, तिला ओळखपत्र द्या आणि ब्युरोला तिचा दर वाढवायला लावा, असा अर्ज घेऊन पंधरा-वीस घरांनी एकत्र जायला हरकत नाही. अर्जावर सह्या मुलांच्याही घ्याव्यात, पुण्याहून आणि अमेरिकेतून.